एक बटण, दोन दिवे: लॅचिंग स्विच की फ्लिप-फ्लॉप?

एकदा दाबलं की लाल, पुन्हा दाबलं की हिरवा. एवढंच हवं असेल तर टू-वे लॅचिंग (दाबल्यावर त्याच स्थितीत अडकून राहणारं) पुश बटण घ्या. मधल्या पिनला ५ व्होल्ट, बाजूच्या दोन पिनांना एकेक एलईडी. एका वेळी एकच दिवा लागतो, म्हणून ३३० ओहमचा एकच रेझिस्टर मधल्या पिनच्या वायरीत टाकला तरी भागतं. वीज जाऊन आली तरी आधीचाच दिवा लागतो. सुरुवातीला मी हेच सुचवेन.

साधं, दाबून सोडायचं बटण वापरायचं तर सीडी४०१३ ही फ्लिप-फ्लॉपची, म्हणजे दोनपैकी एक स्थिती लक्षात ठेवणारी, आयसी लागेल. क्यू हे तिचं आउटपुट, क्यू-बार त्याच्या नेमकं उलटं. क्यू-बारची पिन डी या इनपुटला जोडली की क्लॉकच्या पिनवर बटणाने येणाऱ्या प्रत्येक पल्सला आउटपुट पालटतं. एक दिवा क्यूवर, दुसरा क्यू-बारवर. सेट-रीसेटच्या पिना ग्राउंडला जोडायला विसरू नका. खरी कटकट बाउन्सची. बटणाचे पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात, आयसी ते अनेक वेळा दाबणं समजते आणि भलताच दिवा लागतो. ही थरथर शमवायला नुसता कपॅसिटर लावला तर क्लॉकची चढण फार संथ होते. पुढे ४०१०६ सारखा श्मिट ट्रिगर (संथ चढण झटक्यात बदलणारी आयसी) हवाच. शिवाय वीज आल्यावर कुठला दिवा लागेल, याचा भरवसा नाही. पण पुढे सेन्सरनेही दिवे पालटायचे असतील, तर हाच मार्ग.