लांबच्या भटकंतीचं रोजचं बजेट: सरसकट आकडा, देशवार आकडा की दोन गल्ले?

पाठीवर बॅग टाकून तीन-चार महिने परदेशात फिरायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. आणि तो जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येतो: "दिवसाला किती लागतील?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर काढायच्या तीन रीती आहेत. तेवढेच पैसे आणि तेवढेच दिवस घेतले, तरी तिन्हींतून निघणारा आकडा निराळा येतो. मी तिन्ही रीतींनी प्रवास केला आहे. कोणती रीत कुणाला मानवेल, हे ठरवायला सोपं जावं म्हणून एकच प्रवास तिन्हींतून मांडून दाखवते.

समजा प्रवास १२० दिवसांचा आहे. व्हिएतनाम ३० दिवस, लाओस २०, कंबोडिया २०, थायलंड २९ आणि शेवटी जपान २१. हातात एकूण ७,२०० डॉलर. हे आकडे हिशोबाच्या सोयीसाठी धरले आहेत, तुम्ही तिथे तुमचे घाला.

सरसकट आकडा

७,२०० भागिले १२०, म्हणजे दिवसाला ६० डॉलर. एका ओळीत काम झालं. डोक्यात ठेवायला सोपं, सोबतीला कुणी असेल तर दोघांच्या तोंडी एकच आकडा, आणि रात्री बंकवर पडल्या पडल्या "आज साठच्या आत राहिलो का?" एवढंच बघायचं.

ज्यांचा प्रवास महिन्याभराचा आहे आणि एकाच देशात किंवा साधारण सारख्या महागाईच्या शेजारी देशांत आहे, त्यांनी खुशाल ही रीत घ्यावी. त्याहून जास्त खटाटोप करायची गरज नाही.

लांबच्या प्रवासात मात्र हा आकडा फसवतो, तेही पहिल्याच आठवड्यात. हनोईत डॉर्ममधली, म्हणजे हॉस्टेलच्या सामायिक खोलीतली खाट, तीन वेळचं खाणं, शहर बस, एखादं संग्रहालय हे सगळं तीसेक डॉलरांत बसतं. साठातले तीस उरले, म्हणजे आपण बचत करतोय असं वाटायला लागतं. खरं तर त्या उरलेल्या तिसांवर आधीच कुणाकुणाचा हक्क असतो: परतीचं विमान, विमा, पुढच्या देशाचा व्हिसा, जपानमधले एकवीस दिवस. ते खर्च अजून समोर आलेले नसतात एवढंच. मग आपण त्याच 'बचती'तून एखादी रात्र खासगी खोलीत काढतो, एक छोटं विमान पकडतो आणि शंभराव्या दिवशी हात आखडता घ्यायची वेळ येते. नेमकं सगळ्यात महागड्या देशात.

देशवार आकडा

ही रीत जास्त शहाणी. प्रत्येक देशाचा वेगळा दर काढायचा, त्याला दिवसांनी गुणायचं आणि बेरीज करायची. जपानचा दिवस लाओसच्या दिवसाच्या दुप्पट पडणार, हे निघण्याआधीच कागदावर दिसतं. मार्ग पक्का असेल, तारखा ठरलेल्या असतील, तर या रीतीने काढलेलं बजेट वास्तवाच्या खूप जवळ जातं.

मेहनत आहे ती दर शोधण्यात, आणि चुकाही तिथेच होतात. दुसऱ्याच्या प्रवासवर्णनातला आकडा उचलताना तो कोणत्या वर्षाचा आहे ते आधी बघा. कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचं एक दिवसाचं तिकीट २०१७ साली २० डॉलरवरून ३७ वर गेलं, तीन दिवसांचं ४० वरून ६२ वर आणि सात दिवसांचं ६० वरून ७२ वर. जपानमध्ये परदेशी प्रवाशांसाठी असलेला सात दिवसांचा साधा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. त्याआधी "जपानला जाताय तर पास घ्याच" हा सल्ला बऱ्याच जणांना लागू पडायचा. आता तो घेण्यापूर्वी आपल्या मार्गाची सुटी तिकिटं जोडून बघावीच लागतात, आणि पुष्कळदा सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांचं प्रवेश शुल्क ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांसाठी १०० चं २०० डॉलर झालं. अशा एकेका बदलाने आठवड्याभराचं गणित कोलमडतं.

राहण्याचा दर काढताना मी बुकिंगच्या ठिकाणी माझ्याच तारखा टाकते आणि सगळ्यात स्वस्त खाट न धरता, खालून तिसरी-चौथी धरते. सगळ्यात स्वस्त खाट बहुधा स्टेशनपासून लांब असते किंवा आपण पोचेपर्यंत भरलेली असते. तारखा महत्त्वाच्या अशासाठी, की थायलंडमध्ये १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान हा नववर्षाचा सण असतो आणि जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा सलग सुट्ट्यांचा. त्या दिवसांत तोच देश वेगळ्याच भावाने भेटतो.

या रीतीची खरी अडचण दुसरीच आहे. लांबच्या प्रवासात मार्ग बदलतो. लाओसमध्ये वीस दिवसांचे तीस होतात, कुणीतरी भेटतं आणि ठरवलेला देश सुटतो. मग देशवार तक्ता पुन्हा नव्याने मांडत बसावं लागतं, आणि प्रवासात तेवढी बैठक कुणाची नसते. शिवाय एका देशाच्या आकड्यात रोजचं जेवण आणि आयुष्यात एकदाच काढायचं तिकीट हे दोन्ही एकत्र कोंबलेलं असतं. त्यातून काय होतं, ते मी अंगकोरशेजारच्या सिएम रीप शहरात अनुभवलं.

तेव्हा कंबोडियासाठी मी दिवसाला ४० डॉलर धरले होते. तिकीट खिडकीवर फोटो काढून घेतला, तीन दिवसांचं तिकीट हातात पडलं आणि ६२ डॉलर गेले. संध्याकाळी वहीत त्या दिवसापुढे ८५ चा आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. पुढचे दोन दिवस मी ते ८५ फेडत होते. जेवण एक वेळच. सायकल भाड्याने घेऊन सतरा किलोमीटरचा छोटा फेरा भर उन्हात केला, तो फार सुंदर झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण बांतेय स्रेइ राहिलं. इसवी सन ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं, गुलाबी वालुकाश्मावर नखाएवढ्या बारकाईने कोरलेलं ते देऊळ शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. माझ्या तिकिटात ते धरलेलं होतं. फक्त टुकटुकचे, म्हणजे तिथल्या रिक्षाचे पैसे द्यायचे होते, आणि वहीतला आकडा आधीच फुगलाय म्हणून मी ते दिले नाहीत. ६२ डॉलर कंबोडियातल्या कुठल्याच एका 'दिवसा'चे नव्हते. ते त्या दिवसाच्या खात्यावर लिहिले, हीच चूक.

दोन गल्ले

तिसरी रीत त्यानंतर हाती लागली. पैशांचे दोन भाग करायचे. एका गल्ल्यात रोज उठून लागणारा खर्च: खाट, जेवण, गावातली ये-जा, कपडे धुणं, फोनचा डेटा. दुसऱ्यात एकरकमी खर्च: विमानं, विमा, व्हिसे, एका देशातून दुसऱ्यात जाणं, मोठी प्रवेशतिकिटं आणि राखीव रक्कम. दिवसाचा आकडा फक्त पहिल्या गल्ल्यातून काढायचा.

आपलंच उदाहरण घेऊ. जाण्या-येण्याचं विमान १,४००, विमा २५०, व्हिसे १५०, देशांमधला प्रवास ५००, मोठी तिकिटं आणि एखाद-दुसरा ट्रेक किंवा डायव्हिंग ६००, राखीव ७००. बेरीज ३,६००. म्हणजे रोजच्यासाठी उरले ३,६००, आणि १२० दिवसांनी भागले तर ३० डॉलर.

सरसकट रीतीत हाच माणूस दिवसाला साठ खर्च करायला मोकळा आहे असं समजून निघाला होता. खरा आकडा त्याच्या निम्मा आहे. हे घरी बसून कळणं आणि शंभराव्या दिवशी कळणं, यात फार फरक आहे.

आता यातच देशवार रीतीचा उपयोग करा. जपानमध्ये ३० डॉलरांत दिवस काढणं म्हणजे हाल. तिथे ५५ धरले तर २१ दिवसांचे १,१५५ होतात. उरलेल्या २,४४५ मध्ये ९९ दिवस काढायचे, म्हणजे दिवसाला २४ डॉलर ७० सेंट. ओढाताण होणार. जपान बारा दिवसांवर आणलं आणि ते नऊ दिवस बाकीच्या देशांत वाटले, तर त्या देशांचा दर २७ च्या वर जातो. अडीच डॉलरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण आग्नेय आशियात तो बऱ्याचदा एका जेवणाचा फरक असतो. मी असते तर जपान कमी केलं असतं.

कोणता खर्च कुठल्या गल्ल्यात घालायचा, यावर थोडा विचार लागतो. भूतानमध्ये बहुतेक परदेशी पर्यटकांना रात्रीमागे १०० डॉलर शाश्वत विकास शुल्क आहे. नाव शुल्काचं असलं तरी ते दर रात्री लागतं, म्हणून ते रोजच्याच गल्ल्यात. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशासाठी ५०. तो एकरकमीत. लाओसला जाऊन परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर तो ५० चा लागेल, हे आधी पाहून ठेवा. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत जाणाऱ्यांना १८० दिवसांतले ९० दिवसच राहता येतं. त्यामुळे युरोपात चार महिने काढायचे, तर एक महिना सर्बिया किंवा अल्बानियासारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जाणारच. तिथला दर कमी धरता येतो, त्यांचा व्हिसा लागत असेल तर तो मोठ्या, म्हणजे एकरकमी गल्ल्यात जातो.

लाओसमधल्या हुआय साय ते लुआंग प्राबांग ही मेकाँग नदीवरची संथ बोट घ्या. दोन दिवस लागतात, मधली रात्र पाक बेंगला. बोटीचं तिकीट एकरकमीत, कारण थायलंडहून लाओसमध्ये येण्याच्या प्रवासाचाच तो भाग आहे. पण पाक बेंगची खोली आणि बोटीवरचं खाणं रोजच्यात. मी हे वाटप निघण्याआधीच करते, नाहीतर ऐन वेळी मन सोयीचा गल्ला शोधतं.

या रीतीचा तोटाही सांगते. सुरुवातीला दोन-तीन संध्याकाळी कागद घेऊन बसावं लागतं, आणि मोठा गल्ला भरलेला दिसतो म्हणून त्यात हात घालायचा मोह होतो. मी ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्याचं कार्ड बॅगेच्या तळाशी असतं. राखीव रक्कम किती असावी, तर ऐनवेळी काढलेलं घरचं तिकीट आणि वर आठवडाभराचं राहणं भागेल एवढी. त्यापेक्षा कमी ठेवून निघू नका. विमा आहे म्हणून राखीव नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. विम्याचे पैसे पुष्कळदा नंतर मिळतात, रुग्णालयाच्या खिडकीवर आधी आपलेच जातात.

मग निवड कशी करायची

महिन्याच्या आतला, एका भागातला प्रवास: सरसकट. दोन महिने, तिकिटं आणि तारखा पक्क्या: देशवार. तीन महिन्यांच्या पुढे, किंवा मार्ग वाटेत ठरणार असेल, तर दोन गल्ले घ्या आणि त्यात महागड्या देशांचा दर तेवढा वेगळा काढा. बाकी देशांना एकच दर चालतो.

रीत कोणतीही घेतली, तरी रोजच्या आकड्यावर सर्वांत जास्त परिणाम होतो तो आपण किती वेळा गाव बदलतो याचा. महिन्याभरात दर दोन रात्रींनी हललं तर पंधरा वेळा बस, आणि दर सहा रात्रींनी हललं तर पाच वेळा. एका बसचे बारा डॉलर धरले तर १८० आणि ६०. म्हणजे काहीही न सोडता दिवसाला चार डॉलर वाचले. शिवाय आठवडाभर राहिलं की खाटेचा भाव उतरवून मिळतो, स्वयंपाकघर वापरता येतं आणि स्वस्त खानावळ सापडायला लागणारे दोन दिवस वाया जात नाहीत.

लिहायचं कशात, ॲपमध्ये की वहीत, यावर वेळ घालवू नका. मी वहीत लिहिते. पाच रकाने: झोप, पोट, चाकं, बघणं, किरकोळ. रक्कम स्थानिक चलनातच, कारण व्हिएतनामच्या डाँगमधली शून्यं बघून घाबरायला होतं आणि डॉलरमध्ये बदललं की सगळंच क्षुल्लक वाटतं. कंबोडियात डॉलर दिले तर सुटे रिएलमध्ये परत येतात. ते खिशात जमतात आणि कधी संपले ते कळत नाही, म्हणून ते 'किरकोळ'मध्ये लगेच टाकायचे. पैसे काढताना मशीनने "तुमच्या चलनात रूपांतर करू का?" विचारलं तर नाही म्हणायचं, त्यांचा दर जवळजवळ नेहमी आपल्या बँकेपेक्षा वाईट असतो. दर वेळेला ठरावीक शुल्क कापलं जात असेल, तर कमी वेळा आणि जास्त रक्कम काढायची.

रोज आकडा पाळायचा हट्ट मात्र मी सोडला. बेरीज दर रविवारी करते, सात दिवसांची एकत्र. रात्रीच्या बसचा दिवस, पाऊस म्हणून हॉस्टेलमध्येच काढलेला दिवस आणि बाजारात हिंडलेला दिवस एकमेकांना सांभाळून घेतात. आठवडा वर गेला तर पुढच्या आठवड्यात गाव बदलत नाही, जेवण मात्र कमी करत नाही. आणि ८० व्या दिवसाच्या आसपास दोन्ही गल्ले पुन्हा मोजते. मोठ्यात न वापरलेलं काही उरलं असेल, तर राखीव बाजूला ठेवून बाकीचं उरलेल्या ४० दिवसांत वाटते. पुढच्या खेपेला त्यातले पहिले पैसे बांतेय स्रेइच्या टुकटुकला जातील.