शाळेचा जाच: बाईंशी बोलायचं, पालक संघात जायचं, तक्रार करायची की दाखला काढायचा?

बुटाला पांढरी पट्टी चालणार नाही. पाच मिनिटं उशीर झाला की फाटक बंद. डब्यात अंडं नको. तास चालू असताना लघवीला सोडणार नाही. वर्गात मराठी बोललं तर दहा रुपये दंड. प्राथमिक शाळेतल्या अशा नियमांनी पालक वैतागतात, आणि मग राग किती आलाय त्यावर पुढची वाट ठरते. थोडा राग असेल तर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर चर्चा, जास्त असेल तर थेट दाखला. दोन्हींत मूळ नियम जागच्या जागी राहतो.

महाराष्ट्रातल्या पालकांपुढे खरं तर चार वाटा आहेत: वर्गशिक्षिका, पालकांची समिती, शिक्षणाधिकारी आणि शाळा बदलणं. कुठली कधी धरायची, हे नियमाची जात पाहून ठरवावं.

आधी नियम तपासा

रिबीन, बूट, केस, वह्यांना खाकी कव्हर, वाढदिवसाला चॉकलेटबंदी हे नियम त्रासाचे असतील, पण ते करायचा अधिकार शाळेला आहे. त्यासाठी वरच्या कार्यालयात गेलात तर हेलपाटेच पदरात पडतात. गणवेश अमुकच दुकानातून घ्या ही सक्ती मात्र शाळेला करता येत नाही.

दुसरी जात मुलाच्या शरीराला लागणाऱ्या नियमांची. यात लघवीचा नियम सगळ्यात वाईट, आणि तोच सगळ्यात जास्त खपवून घेतला जातो. मुलांच्या मूत्राशयात किती मावतं, याचा डॉक्टर लोकांचा ढोबळ हिशेब असा: वयात दोन मिळवा आणि तीसने गुणा. सहा वर्षांच्या मुलाचे झाले २४० मिली. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या निम्म्याहून कमी. दोन तास थांब म्हटलं की मूल एक सोपा उपाय शोधतं: पाणी पिणंच बंद करतं. घरी खूण दिसते. बाटली सकाळी भरून दिली तशीच परत येते आणि दारातून आत येताच मूल पाठीवरचं दप्तरही न काढता संडासाकडे पळतं. असं महिनोन्‌महिने चाललं की बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत लागणं हे सगळं मागून येतं. इथे ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून थांबू नये.

तिसरी जात कायद्यातच न बसणाऱ्या नियमांची. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. छडी तर आलीच, पण रोज वर्गासमोर उभं करून पाणउतारा करणंही त्यात येतं. मराठी बोलण्यावर दंड लावता येत नाही: मराठी सक्तीचा २०२० चा राज्याचा कायदा शाळेत मराठी बोलण्यावर आडून किंवा थेट बंधन घालू देत नाही, तशी पाटीही लावू देत नाही, आणि उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला.

दप्तर आणि गृहपाठ मधल्या पट्ट्यात येतात. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो वजन दिलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, पुढे पाचवीपर्यंत आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्या जोरावर कारवाई करवणं अवघड, पण पालक सभेत ती छान उपयोगी पडतात. आठवडाभर रोज सकाळी दप्तर काट्यावर ठेवून आकडे लिहून न्या. ‘दप्तर फार जड आहे’ याला उत्तर मिळत नाही, ‘मंगळवारी ४.१ किलो’ याला द्यावं लागतं.

वर्गशिक्षिका: दोन दिवसांचं काम

सगळ्यात जलद वाट. शाळा सुटताना फाटकावर चाळीस मुलं हाताशी असताना बाईंना गाठू नका. डायरीत लिहून दहा मिनिटांची वेळ मागा. एका भेटीत एकच मागणी ठेवा. ‘तुमचे नियम फार कडक आहेत’ म्हटलं की बाईंना शाळेची बाजू घ्यावीच लागते. ‘तो विचारेल तेव्हा त्याला लघवीला सोडा, बाटली दुपारपर्यंत अर्धी व्हावी एवढं बघा’ हे मात्र त्यांच्या हातात असतं. सोबत बालरोगतज्ज्ञांची दोन ओळींची चिठ्ठी द्या आणि तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

या वाटेची मर्यादा एवढीच की नियम बदलत नाही, तुमच्या मुलापुरती सवलत मिळते. जूनमध्ये नव्या बाई आल्या की पुन्हा पहिल्यापासून. आणि पुष्कळदा बाई स्वतःच त्या नियमाला कंटाळलेल्या असतात, पण वरून आदेश असतो. तसं जाणवलं तर त्यांच्यावर जोर देऊ नका, पुढच्या वाटेला लागा.

पालकांची समिती: सावकाश, पण सगळ्यांसाठी

इथे शाळेचा प्रकार आधी पाहावा. जिल्हा परिषद, पालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. खासगी विनाअनुदानित शाळेत शुल्क नियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्याप्रमाणे शिक्षक-पालक संघ असतो. प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. तुमच्या शाळेत ही नावं मुख्याध्यापकांनीच ठरवली असतील, तर पहिला मुद्दा तोच.

एकट्याने जाऊ नका. एकाच वर्गातल्या पाच-सहा पालकांनी सह्यांचा अर्ज सभेच्या आठ दिवस आधी द्यावा आणि विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगावा. ‘ऐनवेळचे विषय’ यात ढकललेली गोष्ट चहा येईपर्यंत संपते. निर्णय इतिवृत्तात लिहिला गेला का, ते पुढच्या सभेत पाहा.

हे फिसकटतं ते बहुतेक व्हॉट्सॲपमुळे. गटावर कोणीतरी बाईंबद्दल वाईट लिहितं, त्याचा फोटो मुख्याध्यापकांकडे पोहोचतो आणि सभेत चर्चा नियमाची न होता त्या संदेशाची होते. अर्ज जाईपर्यंत गटावर गप्प राहणं बरं.

डबा, गणवेश, फाटकाची वेळ, दप्तर यांसाठी ही वाट उत्तम. वेळ मात्र एक-दोन सत्रं धरून चाला.

शिक्षणाधिकारी: कागद पक्का असेल तरच

शिक्षा, छळ, मराठीवर दंड, दाखल्याची धमकी यांसाठी ही वाट. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर टपालाने पोच-देय पाठवा. अर्जात विशेषणं नकोत. उदाहरणार्थ:

‘इयत्ता दुसरी, तुकडी ब. सोमवार ते बुधवार असे सलग तीन दिवस मराठीत बोलल्याबद्दल दहा-दहा रुपये घेतले. पावती दिली नाही. ही पद्धत बंद करून तसे आठ दिवसांत लेखी कळवावे.’

उत्तर आलं नाही तर हाच अर्ज आणि पोच जोडून पुढे जा: तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्यात शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मुंबईत त्या विभागाचे शिक्षण निरीक्षक किंवा पालिकेचा शिक्षण विभाग. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालच्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मूल मारहाणीने घाबरलेलं असेल तर ही पायरी-पायरी सोडून द्या. १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन करा आणि डॉक्टरांकडून नोंद करून घ्या.

पालकांचे हात धरून ठेवते ती भीती एकच: ‘पोरावर राग काढतील, काढून टाकतील.’ काढून टाकता येत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्याला कलम १६ ची बंदी आहे, आणि नापास करण्याबद्दलची २०१९ ची दुरुस्ती झाल्यावरही ही बंदी कायम आहे. राग काढण्याची भीती मात्र खोटी नाही. तक्रारीनंतर मुलाला रोज ‘आज काय झालं’ असं खोदून न विचारता वह्या पाहा, बाटली पाहा, झोप पाहा.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. शहरांतल्या पुष्कळ नावाजलेल्या शाळा या दर्जाच्या आहेत. तिथे कलम १६-१७ चा हवाला देऊन अर्ज कच्चा करू नका. बालहक्क आयोगाकडे जाता येतं आणि मारहाण असेल तर पोलिसांकडे.

दाखला: शेवटची, पण कधी कधी हीच बरोबर

एका नियमासाठी शाळा बदलू नये. मूल सकाळी पोट दुखतंय म्हणू लागलं, रविवारी मात्र दुखत नाही, आणि मुख्याध्यापकांपर्यंत जाऊनही ‘आमची शिस्त अशीच’ हेच उत्तर मिळालं, तर मग थांबण्यात अर्थ नाही.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असाल तर कायदा भक्कम पाठीशी आहे. कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. एका विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जाताना हा आधार मिळत नाही. तिथे जागा पक्की झाल्याचं लेखी हातात आल्याशिवाय दाखल्याचा अर्ज करू नका, आणि भरलेल्या शुल्कातलं किती परत मिळणार तेही आधी विचारा. मुलाचा प्रवेश २५ टक्के राखीव जागेतून झाला असेल तर फार जपून: ती जागा त्याच शाळेची असते. अशा पालकांनी आधीच्या तीन वाटा पुरत्या वापराव्यात.

नवी शाळा पाहायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मधल्या सुट्टीत आवारात उभं राहायची परवानगी मागा. स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, आणि तास चालू असताना एखादं मूल वर्गाबाहेर एकटं, न घाबरता त्या दिशेने जाताना दिसतं का, ते पाहा.