विट की कोल्श?

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत हलकी एल (कोमट तापमानाला आंबवलेली बीअर) मागवायची म्हटलं की बहुतेकांचं बोट बेल्जियन विटवर पडतं. गव्हाची, दिसायला गढूळसर, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. उन्हाळ्यात झकास लागते, वाद नाही.

कोल्श जर्मनीतल्या कोलोनची. यीस्ट एलचं, पण नंतर थंडीत मुरवलेली, म्हणून लागरसारखी (थंडीत आंबवलेल्या बीअरसारखी) आरपार स्वच्छ. रंग फिकट सोनेरी. तिकडे ती ०.२ लिटरच्या सडपातळ ग्लासात देतात. ग्लासावर कोस्टर ठेवेपर्यंत वेटर भरलेले ग्लास आणतच राहतो!

चव जोखताना मात्र विटला फुकटची सूट मिळते. धणे-संत्र्याखाली बरंच काही झाकलं जातं. कोल्शला लपायला जागाच नाही. आधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) बिस्किटासारखा स्वाद, मागून नासपतीचा पुसट वास, शेवटी कोरडा, किंचित कडवटपणा, एवढंच हवं. लोण्याचा वास आला तर ती पुरती मुरू दिलेली नाही, असं खुशाल समजा.

तिखट चखण्याबरोबर विटच बरी. पण नवी ब्रुअरी पारखायची तर मी कोल्श सांगतो, आणि शेवटचे दोन घोट मुद्दाम कोमट होऊ देतो. गारव्याने दबलेले दोष तेव्हाच वर येतात.