टाचेचं मशीन दाखवून हाडांची पावडर विकणाऱ्यांपासून सावध राहा

घरात घसरून पडल्याचं निमित्त झालं आणि आईचं मनगट मोडलं. उभ्याउभ्या पडून हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी करायला लावली. त्यातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आईचा गेला होता. हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी सुरू झाली.

त्यातच आई एका मोफत हाडतपासणी शिबिराला गेली. टाचेला जेल लावून पाय छोट्या मशीनमध्ये ठेवायचा, की लगेच रंगीत कागद बाहेर. आईची खूण लाल पट्ट्यात आली. तिथल्या बाईंनी त्याभोवती पेनाने दोनदा गोल केला. "मावशी, त्या गोळ्यांनी नुसतं पोट जळतं. त्या बंद करा, आमच्या पावडरचा कोर्स घ्या, तीन महिन्यांत हिरव्यात आणते!" सगळे पैसे आगाऊ घेतले. पुढच्या तपासणीत खूण खरंच पिवळ्यात सरकली आणि आईचा विश्वास पक्का बसला.

हीच खरी लबाडी. ते मशीन म्हणजे टाचेचा अल्ट्रासाऊंड. त्यावरून हाड मोडण्याच्या धोक्याचा अंदाज येतो, ऑस्टिओपोरोसिसचं निदान होत नाही आणि औषध लागू पडतंय का हेही ठरत नाही. पाय जरा वेगळा ठेवला तरी आकडा हलतो. खुब्याच्या आणि कण्याच्या डेक्सातसुद्धा फरक कळायला साधारण एक-दोन वर्षं जावी लागतात.

मग बादली उचलताना आईच्या पाठीत कळ आली. फोनवर बाई म्हणाल्या, "उसण भरली असेल, पावडर चालू ठेवा." एक्स-रेत मणका दबलेला निघाला. असे मणके कित्येकदा फारसं न दुखताही बसतात. उंची घटते, पाठीला बाक येतो आणि आपण ते वयावर ढकलतो. एक मणका मोडला की पुढचा मोडण्याचा धोका वाढतो. नेमक्या त्याच काळात आईची गोळी बंद होती. पैसे बुडाले त्यापेक्षा याचा संताप जास्त आहे.

डब्यावर बारीक अक्षरांत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि 'हे औषध नाही' एवढंच छापलेलं. दोन्ही हाडांना लागतात, पण हाडं इतकी ठिसूळ झाल्यावर तेवढ्याने भागत नाही.

गोळीने जळजळ होऊ शकते, हे खरं आहे. म्हणूनच ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. तरीही सोसत नसेल तर इंजेक्शनं आहेत, डॉक्टरांशी बोला. आणि दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब हे हाडांचं इंजेक्शन चालू असेल, तर अशा कुणाच्या सांगण्यावरून ते मुळीच चुकवू नका. ते मध्येच थांबलं की एकापाठोपाठ एक मणके मोडू शकतात.