लोड चाळीसवर, प्रोसेसर रिकामा: फोंड्याच्या सर्व्हर-तपासणी सेवेचा अनुभव

म्हापशातील आमच्या कार्यालयात खोल्यांचे आरक्षण, टॅक्सीवाल्यांची बिले आणि परदेशी एजंटांचा पत्रव्यवहार सगळा ईमेलवरच चालतो, आणि हे ईमेल आम्ही गेली काही वर्षे स्वतःच्याच एका यंत्रावर पोस्टफिक्स (पत्रे पाठवणारी-स्वीकारणारी प्रणाली) आणि डोव्हकॉट (पेटीतली पत्रे वाचू देणारी प्रणाली) बसवून सांभाळत आलो आहोत. यंदा चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात हा सर्व्हर रोज सकाळी अकराच्या सुमारास इतका मंदावू लागला की साधे पत्र उघडायला दोन-दोन मिनिटे लागत. यंत्राच्या प्रोसेसरला चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, आणि लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू असलेल्या वा ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या, ४० च्या पुढे. जुन्या पुरवठादाराने फोनवरच निदान करून टाकले: प्रोसेसर कमी पडतो, आठ कोअरचे नवे यंत्र घ्या आणि ते येईपर्यंत रोज रिस्टार्ट करा. रिस्टार्ट केल्यावर त्या दिवसापुरते बरे वाटे, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा तेच.

नव्या यंत्राचे पैसे मोजण्याआधी दुसरे मत घ्यावे म्हणून फोंड्यातील तिघा तरुणांच्या एका छोट्या संस्थेला बोलावले. त्यांच्या सेवेबद्दल पहिली चांगली गोष्ट ही की तपासणीचे ३,५०० रुपये ते वेगळे घेतात आणि दुरुस्तीचा दर तपासणी झाल्यावरच सांगतात, त्यामुळे काहीतरी विकण्याची घाई त्यांना नसते. आलेल्या तंत्रज्ञाने पहिला अर्धा तास कशालाच हात लावला नाही. यंत्रावर काय चालले आहे ते दाखवणाऱ्या 'टॉप' या आज्ञेच्या पडद्यावरची एक ओळ त्याने मला दाखवली: प्रोसेसरचा प्रत्यक्ष वापर जेमतेम ६ टक्के, आणि 'डब्ल्यूए' या खुणेपुढे, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात, ८० टक्क्यांहून अधिक वेळ. आमचा सर्व्हर ज्या लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो, तिच्यात लोडच्या आकड्यात केवळ काम करणाऱ्या प्रक्रिया (चालू असलेले प्रोग्राम) मोजल्या जात नाहीत, तर डिस्कच्या उत्तरासाठी अडकून पडलेल्या, ज्यांना 'डी' अवस्थेतील म्हणतात त्या प्रक्रियाही मोजल्या जातात. "रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली म्हणून गाड्यांची इंजिने बदलायची का?" असे त्याने विचारले, तेव्हा आठ कोअरचा विषय माझ्यापुरता संपला.

आदल्या दिवशी वीज गेली होती, तेव्हा एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या जोडीतल्या दोन डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवून घेत असतील अशी माझी शंका होती. ती त्याने एका आज्ञेत निकालात काढली. तसे काही चालू नव्हते. मग पोस्टफिक्सची रांग पाहिली, तर तिच्यात ११ हजारांहून अधिक पत्रे तुंबलेली. लॉगमध्ये लॉगिनचे नाव शोधताच ती जवळजवळ सगळी स्वागतकक्षाच्या एका जुन्या खात्यावरून निघालेली आढळली. पासवर्ड फुटला होता. रांग एकदम पुसून टाकावी असे मला वाटत होते, पण त्याने आधी त्या खात्याचा पासवर्ड बदलला, त्याची पत्रे बाजूला थांबवली, नमुन्याची पाच-सहा उघडून पाहिली आणि मगच तेवढीच काढली. त्याच रांगेत आमच्या पाहुण्यांना जायची चाळीसेक खरी उत्तरे अडकली होती. घाईने पुसली असती तर ती कायमची गेली असती.

लोड १५ वर उतरला. इथे बहुतेकांनी बिल फाडले असते. यांनी मात्र काम संपल्याचे सांगितले नाही. दर मिनिटाला 'डी' अवस्थेतील प्रक्रियांची नावे लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावून ते गेले. दुसऱ्या दिवशी अकराच्या नोंदीत विषाणू शोधणारा क्लॅमएव्ही, पत्रे तपासणीसाठी त्याच्याकडे देणारा अमाविस आणि स्वॅपचे, म्हणजे रॅम कमी पडली की मजकूर डिस्कवर हलवण्याचे, काम करणारी कर्नलची (कार्यप्रणालीच्या गाभ्याची) प्रक्रिया ही तीन नावे पुन्हा पुन्हा दिसली. क्लॅमएव्ही विषाणूंच्या सगळ्या खुणा मेमरीत धरून ठेवतो, त्यालाच एक जीबीहून अधिक जागा लागते, आणि ०.१०३ या आवृत्तीपासून, वेगळे सांगितले नाही तर, नव्या खुणा आल्या की जुना संच न सोडता तो नवा संच शेजारी उघडतो. म्हणजे तेवढ्या वेळापुरती मागणी दुप्पट. आमच्या यंत्राची रॅम ४ जीबी, त्यात अमाविसच्या दहा प्रक्रिया. अकराच्या सुमारास खुणा आल्या की सारे स्वॅपवर, आणि स्वॅप त्याच डिस्कवर जिच्यावर पत्रांची रांग.

त्यांनी संच शेजारी उघडण्याची सोय बंद केली, अमाविसच्या प्रक्रिया दहावरून चारवर आणल्या आणि रॅम ८ जीबी करायला सांगितली. या बदलाने खुणा बदलताना तपासणी थोडा वेळ थांबते आणि पत्रे तेवढी उशिरा पोहोचतात, हेही आधीच बजावले. गेला महिनाभर लोड २ च्या वर गेलेला नाही. रॅम आणि मजुरी मिळूनही खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जाणारा नव्हता.

उणिवा आहेत. लेखी अहवाल ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा आला आणि तोही पूर्ण इंग्रजीत, त्यामुळे तो आमच्या हिशेबनिसाला मलाच समजावून सांगावा लागला. त्या कचरा पत्रांमुळे आमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरची सर्व्हरची ओळख) कचरा पत्रे पाठवणाऱ्यांच्या एका काळ्या यादीत गेला होता; तो काढून घेणे 'तपासणीत बसत नाही' असे उत्तर मिळाले, आणि ते अर्ज आम्हीच भरले. चतुर्थीचे पाच दिवस फोन कोणीच उचलला नाही. सण सर्वांनाच असतो हे मान्य, पण पाहुण्यांची आरक्षणे नेमकी त्याच दिवसांत येतात. त्यांनी आता वर्षाच्या कराराचा मसुदा पाठवला आहे. सुट्टीच्या दिवशी कोणता क्रमांक लागेल हे त्यात लिहून मिळाले की सही करणार आहे.