आर्मरेस्टचा रंग चार महिन्यांत सुटला, एसी व्हेंटचा टिकला: गाडीतल्या पांढरट पडलेल्या काळ्या प्लास्टिकवर घरच्या घरी केलेल्या कामाचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत एकाच दिवशी, एकाच कॅनमधून चार एसी व्हेंट, मधली बेझल (डॅशबोर्डवरची चौकट), खिडक्यांच्या स्विचच्या पट्ट्या आणि ड्रायव्हरच्या दरवाजाचा आर्मरेस्ट मॅट काळा केला. मेअखेर आर्मरेस्टवर नख लावलं की रंग सालीसारखा निघू लागला. व्हेंट आणि स्विचपट्ट्या आज ऑक्टोबरातही जशाच्या तशा आहेत. कॅन तोच, हात तोच, उन्हाळाही तोच. फरक होता प्लास्टिकमध्ये, आणि तो बहुतेक तुकड्यांच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.

भाग काढला की उलटा करून पाहा. कंसासारख्या दोन खुणांमध्ये अक्षरं असतात. एबीएस (एक कडक प्लास्टिक) असेल तर साफ करून थेट रंग मारला तरी धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर साधा रंग त्यावर फक्त बसतो, धरत नाही. पीपीच्या पुढे टी२० किंवा टीडी२० दिसलं, तर त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे खनिजाची भुकटी आहे. इथेच बादलीच्या पाण्याची चाचणी फसवते. ‘तरंगलं तर पीपी, बुडालं तर एबीएस’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. साधं पीपी तरंगतं हे खरं, पण टाल्क घातलेलं पीपी पाण्यापेक्षा किंचित जड होतं आणि एबीएससारखंच बुडतं. आर्मरेस्टचा तुकडा बुडाला, म्हणून त्याला एबीएस समजलं गेलं आणि सगळं काम वाया गेलं. बादली विसरा, शिक्का वाचा.

पहिल्या तीन महिन्यांत ‘प्लास्टिक प्रायमर म्हणजे फुकटचा खर्च’ असं मत झालं होतं. ते आता मागे घेतलं आहे, पण फक्त पीपीपुरतं. जूनच्या सुरुवातीला तोच आर्मरेस्ट पुन्हा केला, या वेळी खाली अ‍ॅडहेजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून ठेवणारा प्रायमर) मारून. हा पारदर्शक असतो आणि बहुतेकांत क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन हे पीपीला चिकटणारं रसायन असतं. एकच पातळ हात द्यायचा आणि कॅनवर दिलेल्या वेळेतच वरचा रंग चढवायचा. जाड मारला तर तोच थर मऊ राहतो आणि रंगासकट सरकतो. चार महिने रोज कोपर घासूनही आता नख लागत नाही. पहिला खर्च साधारण ६५० रुपये झाला होता, प्रमोटरमुळे आणखी ७०० गेले. पैसे टोचतात, पण एका कॅनमध्ये चारही दरवाजे होतात.

खरी मेहनत धुण्यात आहे. वॉशिंग सेंटरवाले न विचारता डॅशबोर्डवर जे चकचकीत पॉलिश फासतात, त्यात बहुधा सिलिकॉन तेल असतं आणि ते प्लास्टिकवरच्या बारीक उठावाच्या, म्हणजे दाण्यांच्या खाचांत बसून राहतं. त्यावर रंग मारला की तो जागोजागी मागे सरतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. गाडी धुवायला देतानाच ‘आत पॉलिश नको’ असं स्पष्ट सांगा. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ टूथब्रश, दोन वेळा घासणं, भरपूर पाणी, मग पूर्ण सुकवणं. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल: एका फडक्याने लावायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. एकच फडकं वापरलं तर तेल इकडचं तिकडे होतं. स्पीडोमीटरच्या पारदर्शक काचेला मात्र हे अल्कोहोल लागू देऊ नका. ती अ‍ॅक्रिलिक असेल तर बारीक तडे जाऊ शकतात. एबीएसवर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नको, पृष्ठभाग विरघळतो.

घासायला राखाडी रंगाचं बारीक स्कफ पॅड (रंग धरावा म्हणून पृष्ठभाग किंचित खरवडणारी घासणी), तेही हलक्या हाताने. भांड्यांची हिरवी घासणी आणि पॉलिश पेपर दाणा सपाट करतात, आणि गेलेला दाणा परत येत नाही.

रंग २० ते २५ सेंटीमीटरवरून, तीन-चार पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. पहिल्या हाताला खालचं प्लास्टिक दिसलंच पाहिजे. चोवीस तास तुकड्याला हात लावू नका. नाशकात ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीची दुपार यासाठी उत्तम. पावसाळ्यात दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर ओल धरते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी रंग सुकायला फार वेळ घेतो. एप्रिल-मेच्या उन्हात उलटं, थेंब वाटेतच वाळतात आणि हाताला खरखरीत लागतं.

प्लास्टिक पुन्हा काळं करायचे बाकीचे उपाय थोडक्यात. खोबरेल तेल: दोन-तीन दिवस काळं, मग सगळी धूळ त्यावरच. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र): बाहेरच्या बंपरला काही महिने बरी, आत नको, पातळ बेझल वाकते आणि दाणा चकाकतो. पाण्यावर आधारित मॅट ड्रेसिंग (प्लास्टिकवर पुसून लावायचं, न चकाकणारं द्रव): डॅशबोर्डच्या वरच्या भागाला हेच योग्य, महिन्यातून एकदा. चकचकीत काही लावलं तर दुपारी त्र्यंबक रोडने पश्चिमेकडे जाताना डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. स्टिअरिंग आणि पेडलला काहीही लावायचं नाही. एअरबॅगच्या झाकणावर रंग मारायचा नाही, मग ते कितीही पांढरं पडलेलं असो.

बेज भागांच्या वाटेला जाऊ नका. ते पिवळट पडतात आणि तयार कॅनमधली कुठलीच छटा शेजारच्या तुकड्याशी जुळत नाही.

रंग आधीच सुटायला लागला असेल तर वरून नवा थर देऊ नका. पीपीवरचा सैल रंग पॅकिंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढला की बराचसा निघतो, उरलेला अल्कोहोल आणि स्कफ पॅडने. आर्मरेस्टला यात पाऊण तास गेला. दाण्यांच्या खाचांत काळे ठिपके राहिले तर राहू द्या, नव्या रंगाखाली ते दिसत नाहीत, पण कडेला उचललेली साल राहिली तर तिथूनच पुन्हा सुटायला सुरुवात होते.