घरच्या घरी रिफिलचं किट मागवणार असाल तर आधी माझं ऐका

बहिणीच्या लग्नासाठी मी पहिल्यांदा अ‍ॅक्रिलिक नखं, म्हणजे लिक्विड आणि पावडर मिसळून खऱ्या नखांवर बसवलेली कृत्रिम नखं, करून घेतली आणि ती मला फार आवडली. डोंबिवलीहून ठाण्याला रोज लोकलने जाते, दिवसभर काउंटरवर बसते. लोकांसमोर सतत हातच असतात. अडचण एकच, खर्चाची. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसू लागते आणि रिफिल, म्हणजे ती फट पुन्हा भरून घेणं, करावंच लागतं. माझ्या सलूनमध्ये त्याचे बाराशे रुपये घेतात. महिन्यातून दोनदा एवढे पैसे घालवणं मला जड जात होतं.

अशातच इन्स्टाग्रामवर एक पेज दिसलं. अस्सल मराठीत बोलणारी मुलगी, स्वच्छ व्हिडिओ, ‘सलूनसारखं रिफिल घरीच, किट फक्त १८९९ रुपये’. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती. यूपीआयने पैसे पाठवताना पेजचं नाव न येता भलत्याच एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर “आमच्या अकाउंटवाल्या सरांचं आहे ताई” असं उत्तर आलं. मी पैसे पाठवले.

आठ दिवसांनी खोका आला. लिक्विडच्या बाटलीवर ‘प्रोफेशनल’ एवढा एकच शब्द होता. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही, आत काय आहे त्याची यादी नाही. झाकण उघडल्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. वास सलूनच्या लिक्विडलाही असतो, पण हा फार उग्र होता. आईची कवळी बनवताना दातांच्या दवाखान्यात असा वास आला होता, हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा. तरी मी खिडकी उघडली आणि कामाला लागले. ती बाटली तेव्हाच बाजूला ठेवायला हवी होती.

दुसरी चूक माझ्या अंगठ्यावर झाली. तिथे जुन्या अ‍ॅक्रिलिकची कड थोडी सुटली होती. व्हिडिओत सांगितलं होतं, वरून थर दिला की कड बसते. मी तसंच केलं. कृपा करून कुणीही असं करू नका. सुटलेल्या कडेखाली भांडी घासताना, आंघोळीत पाणी शिरतं आणि वरून थर दिला की ते आतच कोंडून राहतं. दहा-बारा दिवसांत माझ्या अंगठ्याच्या नखावर हिरवट डाग आला. मला ती बुरशी वाटली. पुढे कळलं की असा हिरवा रंग बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूंमुळे येतो.

दरम्यान बोटांच्या टोकांना खाज सुटली, नखांभोवती बारीक फोड आले. पेजला फोटो पाठवले. “पहिल्यांदा होतं असं, नखांना सवय नसते” म्हणाले. त्यावरही मी विश्वास ठेवून चार दिवस घालवले.

मग काढायला बसले. सलूनमध्ये वरचा थर घासून, अ‍ॅसिटोनचा कापूस बांधला की वीसेक मिनिटांत अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं. इथे पाऊण तास झाला तरी ते दगडासारखंच. दुसऱ्या दिवशी गर्दीत अनामिकेचं नख डब्याच्या दांड्याला अडकलं. अ‍ॅक्रिलिकला तडासुद्धा गेला नाही, माझं खरं नखच अर्ध्यातून उचकटलं. गाडीत रक्त आलं, शेजारच्या काकूंनी रुमाल बांधून दिला.

सलूनमधल्या ताईंनी बाटली हुंगली, नखं पाहिली आणि म्हणाल्या, हे एमएमए असणार, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट. चांगल्या लिक्विडमध्ये इथाइल मेथाक्रिलेट वापरतात. एमएमए स्वस्त पडतं, पण फार कडक होतं, अ‍ॅसिटोनला दाद देत नाही आणि धक्का बसला की स्वतः तुटण्याऐवजी नखाला घेऊन जातं. नखं आणि त्वचा खराब झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत १९७० च्या दशकातच निव्वळ एमएमएची नखांची उत्पादनं बाजारातून काढायला लावली होती. त्यांनी दीड तास खपून उरलेली नऊ नखं हळूहळू घासून काढली. ओढून एकही काढलं नाही. ओढलं की नखाचा पापुद्रा सोबत येतो.

मी पैसे परत मागितले तेव्हा पेजवरून क्यूआर कोड आला, “स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल.” बहिणीने माझ्या हातातून फोनच काढून घेतला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्यानंतर त्यांनी मला ब्लॉक केलं. मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली आहे. चॅट, पैसे पाठवल्याची पावती आणि बाटली जपून ठेवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

ताईंच्या मते दोन रिफिलच्या मध्ये घरी करायचं ते एवढंच: रोज रात्री क्युटिकल ऑइल, भांड्यांना हातमोजे, लांबी वाढली तर एकाच दिशेने हलकी फाइल, चमक गेली तर साधा टॉप कोट. कड सुटली की थेट सलून. लिक्विड आणि पावडर घरी नाहीच.

पण मला सर्वात जास्त लागलं ते त्वचेच्या डॉक्टरांचं बोलणं. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर पट्ट्या लावून केलेल्या तपासणीत, मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी निघाली आणि ती सहसा आयुष्यभर राहते. याच कुळातले पदार्थ दात भरायच्या सिमेंटमध्ये आणि सांधा बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्येही असतात. मी चौतीस वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात दाढ भरायला गेले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी हे सांगावं लागलं. दातांच्या डॉक्टरांनी माझ्या केसपेपरवर लाल शाईने ते लिहून घेतलं आणि दाढ त्या दिवशी भरलीच नाही.